परदेश सहलीहून 'काय आणलं?' नांदेड-लातूरच्या पर्यटकांना हा प्रश्न कितीला पडतो?

'काय आणलं?'

परदेशाहून आलेल्या माणसाला नांदेड-लातूरकडे हा प्रश्न हमखास विचारला जातो. भावकी विचारते, शेजारी विचारतात, ऑफिसातले सहकारी विचारतात. त्यामुळे युरोपच्या सहलीहून परतलेल्या जोडप्याची बॅग उघडली की आत चॉकलेटची पाकिटं, आयफेल टॉवरच्या किचेन आणि फ्रिजवर लावायचे मॅग्नेट निघतात. वाटून झाल्यावर घरच्यांसाठी एखादा मॅग्नेट उरतो.

बारा-पंधरा दिवसांच्या युरोप सहलीला माणशी काही लाख रुपये लागतात. अनेक घरांत हा पैसा निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून येतो. म्हणजे ही सहल आयुष्यात बहुधा एकदाच होणार असते. त्या मोजक्या दिवसांतला किती वेळ शहरं पाहण्यात जातो, किती बसमध्ये आणि किती दुकानांत, हे पैसे भरताना फार कमी जण विचारतात.

हा विषय आत्ताच का?

कारण गेल्या काही महिन्यांत नियम बरेच बदलले आहेत.

पहिला बदल टीसीएसचा, म्हणजे पॅकेजचे पैसे भरताना सहल कंपनी आपल्याकडून आगाऊ कापून घेते त्या कराचा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस लागत होता. २०२६च्या अर्थसंकल्पाने तो १ एप्रिल २०२६ पासून सरसकट २ टक्के केला. आठ लाखांच्या पॅकेजवर आधी ४० हजार रुपये कापले जात, आता १६ हजार कापले जातात.

टीसीएस हा जादा कर नाही. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही असे अनेक ज्येष्ठ नागरिक ते भरतच नाहीत आणि पैसे तसेच राहतात.

दुसरा बदल बॅगेचा. परदेशातून विमानाने परतणाऱ्या भारतीयाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू सीमाशुल्क न भरता आणता येत होत्या. फेब्रुवारी २०२६ पासून ही मर्यादा ७५ हजार रुपये झाली.

तिसरा बदल युरोपच्या सीमेवरचा. शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशांची नोंद संगणकावर घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात केली. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. पासपोर्टच्या पानावरचा शिक्का ही सहलीची सगळ्यात स्वस्त आठवण होती. ती आता मिळेनाशी होत आहे.

परदेशी जाणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये सुमारे ३ कोटी ८ लाख वेळा भारतीय परदेशी गेले. यात नोकरी, धंदा, नातेवाइकांची भेट, यात्रा असं सगळं आलं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून २०२३-२४ मध्ये प्रवासासाठी सुमारे १७ अब्ज डॉलर देशाबाहेर गेले. त्या वर्षी योजनेतून बाहेर गेलेल्या एकूण रकमेच्या निम्म्याहून हे जास्त आहेत.

नांदेड-लातूरहून सहल कुठे सुरू होते?

जाहिरातीत सहल मुंबई विमानतळावर सुरू होते. नांदेड-लातूरकरांची त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

पासपोर्टचं काम आता सोपं झालं आहे. दोन्ही शहरांत पोस्ट ऑफिसमधली पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत. व्हिसाचं मात्र तसं नाही. शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं आणि त्यासाठीची केंद्रं मोठ्या शहरांतच आहेत. म्हणजे सहलीच्या आधीच एक फेरी, एक मुक्काम आणि वर माणशी ९० युरो व्हिसा शुल्क. एकदा दिलेले ठसे सुमारे पाच वर्षं चालतात, त्यामुळे दुसऱ्यांदा जाणाऱ्यांची ही फेरी वाचू शकते.

विमानाचंही तसंच. दोन्ही शहरांतून थेट परदेशी जाणारं विमान नाही. मुंबई गाठायची तर नांदेडहून सुमारे ६०० किलोमीटर आणि लातूरहून सुमारे ५०० किलोमीटर. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत आली, तरी तिलाही साडेनऊ तासांच्या आसपास लागतात. हैदराबाद त्या मानाने जवळ आहे, पण मराठी सहल कंपन्यांचे बहुतेक ग्रुप मुंबईहून निघतात.

थोडक्यात, पॅकेजमधले १२ दिवस नांदेड-लातूरकरांसाठी १४ दिवस होतात आणि वाढलेला प्रवास-मुक्कामाचा खर्च पॅकेजच्या किमतीत दिसत नाही.

बारा दिवसांत किती शहरं 'होतात'?

मराठी माणसाच्या पहिल्या युरोप सहलीचा मार्ग साधारण ठरलेला असतो: पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, ल्युसर्न, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. जाहिरातीत ही यादी भरगच्च दिसते. नकाशावर मोजली तर हा रस्ता अडीच हजार किलोमीटरहून जास्त भरतो. नांदेडहून दिल्लीला गाडीने जाऊन परत येण्याइतका. सरासरी वेग ताशी ७० किलोमीटर धरला तरी ३५ तासांहून अधिक वेळ बसच्या खिडकीत जातो.

बस कधी आणि किती थांबणार हे टूर मॅनेजरच्या मर्जीवर नसतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला साधारण नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि रोज सलग अकरा तासांची विश्रांती द्यावी लागते. ती आठवड्यातून मोजक्या वेळाच कमी करता येते. रात्री उजळलेला आयफेल टॉवर पाहायला आणखी तासभर थांबा म्हटलं की चालक नकार देतो, तो यामुळे.

कार्यक्रमपत्रिकेतले शब्दही नीट वाचायला हवेत. 'फोटो स्टॉप' म्हणजे बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा. 'ओरिएंटेशन टूर' किंवा 'पॅनोरमिक टूर' म्हणजे शहरातली ठिकाणं बहुतेक बसमधूनच दाखवली जातील. 'बाहेरून दर्शन' म्हणजे आतलं तिकीट पॅकेजमध्ये नाही. 'प्रवेशासह' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच आत जायला मिळेल, असं धरून चालावं.

हा फरक पैशांतही मोठा आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पर्यटकांचं तिकीट २२ वरून ३२ युरो केलं. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडेही अजिंठा-वेरूळला भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये तिकीट आहे, तेव्हा यात नवल काही नाही. पण हे पैसे पॅकेजमध्ये धरले आहेत की जागेवर भरायचे, हे आधी कळायला हवं.

बस दुकानापाशीच का थांबते?

ज्यांनी ग्रुपने परदेशवारी केली आहे, त्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या टिटिसी गावात कुकू क्लॉकचं दुकान. व्हेनिसजवळच्या मुरानोत काचेची भट्टी आणि तिला लागून दुकान. तुर्कस्तानात गालिच्यांचा कारखाना, थायलंडमध्ये रत्नांचं शोरूम. आधी दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक होतं, मग पाऊण तास खरेदीला.

यामागे साधा व्यवहार आहे. पर्यटनाच्या धंद्यात अनेक ठिकाणी गट घेऊन येणाऱ्याला विक्रीवर कमिशन मिळतं. स्वच्छतागृह आणि चहा-कॉफीही तिथेच मिळते. त्यामुळे दुकानाचा थांबा सगळ्यांच्याच सोयीचा ठरतो. मात्र तो वेळ पर्यटकाचा असतो.

काही देशांत याचा इतका अतिरेक झाला की सरकारला हस्तक्षेप करावा लागला. खर्चापेक्षाही स्वस्त सहल विकायची आणि नुकसान दुकानांतल्या कमिशनमधून भरून काढायचं, असा हा प्रकार. चीनने १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू केलेल्या पर्यटन कायद्यात पर्यटकांना ठरावीक दुकानांत नेण्यावर निर्बंध आणले. थायलंडने २०१६ मध्ये अशा 'झीरो डॉलर' सहलींविरुद्ध मोठी कारवाई केली. सहल बाजारभावापेक्षा फारच स्वस्त वाटत असेल, तर उरलेला पैसा कुठून येणार हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

'काय आणलं?' हा प्रश्न आला कुठून?

कमिशन हे एक कारण झालं. दुसरं कारण आपल्याच घरात आहे.

आपल्याकडे लांबचा प्रवास म्हणजे पूर्वी तीर्थयात्रा. काशीहून गंगेचा गडू आणि काळे गंडे यायचे, पंढरपूरहून बुक्का आणि चुरमुरे, तुळजापूरहून कवड्यांची माळ. यात्रा करून आलेला माणूस मावंदं घालायचा, गावजेवण व्हायचं. ज्यांना जाता आलं नाही त्यांच्यापर्यंत यात्रेचं थोडं पुण्य पोहोचावं, ही त्यामागची भावना.

युरोपच्या सहलीला हाच हिशोब लागू झाला. गंगेच्या गडूची जागा स्विस चॉकलेटने घेतली. निघताना कुणी हातावर शकुनाचे पैसे ठेवले, कुणी डब्यात चिवडा दिला. त्यांना परतफेड म्हणून काहीतरी द्यायलाच हवं. पंचवीस-तीस जणांची यादी खिशात घेऊन फिरणारा माणूस ल्युसर्नमध्ये मोकळा तास मिळाला की तळ्याकाठी बसत नाही, दुकान गाठतो.

वाटण्यात गैर काही नाही. पण प्रसाद त्या तीर्थाचा असायचा. आता जे वाटलं जातं ते कुठलं असतं?

पॅरिसचा मॅग्नेट पॅरिसचा असतो का?

बहुतेक वेळा नाही. चीनच्या झेजियांग प्रांतात यीवू नावाचं शहर आहे. लहानसहान वस्तूंची जगातली सगळ्यात मोठी घाऊक बाजारपेठ तिथे आहे. जगभरच्या पर्यटनस्थळांवर मिळणारे मॅग्नेट, किचेन आणि छोटे मनोरे मोठ्या प्रमाणावर चीनमधूनच येतात. असाच माल मुंबईच्या बाजारातही दिसतो.

म्हणूनच काही ठिकाणी कायद्याने आपल्या नावाला कुंपण घातलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ पासून औद्योगिक वस्तूला 'स्विस' म्हणायचं तर तिच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग त्या देशातला असावा लागतो. खाद्यपदार्थांचे नियम आणखी कडक आहेत. टोब्लेरॉन चॉकलेटचं काही उत्पादन स्लोव्हाकियात न्यायचं ठरल्यावर २०२३ मध्ये वेष्टनावरून मॅटरहॉर्न शिखराचं चित्र काढावं लागलं, ते याच नियमामुळे. मुरानोच्या खऱ्या काचेवरही 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' ही नोंदणीकृत खूण असते. कुकू क्लॉक तर मुळात स्वित्झर्लंडचं नाहीच, ते जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टचं.

याची उलट बाजू नांदेडमध्येच पाहायला मिळते. तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. देशभरातून आणि परदेशातूनही भाविक इथे येतात. गुरुद्वाराच्या आसपासच्या दुकानांतून ते कडं आणि कृपाण घेऊन जातात. त्या वस्तूचा त्या जागेशी आणि श्रद्धेशी थेट संबंध असतो. नांदेडहून नेलेलं कडं घरी गेल्यावर फ्रिजवर लटकत नाही, ते हातात असतं.

काय आणता येतं, काय नाही?

आपली माणसं जाताना घरचं खाणं बॅगेत भरतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. कुंथलगिरीचा पेढा आणि घरचं तूप तिथे जप्त होऊ शकतं. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, भाकरवडी यांना ही बंदी लागू होत नाही.

परतताना पुढच्या गोष्टी पाहाव्यात:

• स्विस चाकू घेतला असेल तर तो विमानात सोबत नेण्याच्या बॅगेत चालत नाही. चेक-इनच्या सामानातच ठेवावा.

• सोन्याची नाणी आणि बिस्किटं ७५ हजारांच्या सवलतीत येत नाहीत. दुबईमार्गे येणाऱ्यांची इथेच गफलत होते. जाहीर न करता ग्रीन चॅनलमधून आणली तर जप्ती आणि दंड होऊ शकतो.

• हस्तिदंत, कासवाची पाठ, अजगराचं कातडं, प्रवाळ अशा वस्तूंवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. दुकानदाराने बिल दिलं म्हणून त्या कायदेशीर होत नाहीत.

• समुद्रकिनाऱ्यावरची वाळू-शिंपलेही सगळीकडे उचलता येत नाहीत. इटलीच्या सार्डिनिया बेटावर त्यासाठी ५०० ते ३,००० युरो दंड आहे.

• इटलीत फुटपाथवर मिळणाऱ्या नकली ब्रँडेड पर्सवर विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो. तो ७,००० युरोंपर्यंत जाऊ शकतो.

• कार्डाने पैसे देताना मशीन 'रुपयांत की युरोत?' असं विचारतं. युरो निवडावेत. रुपये निवडले तर दर बहुधा महाग पडतो.

मोठी खरेदी केली तर कराचा काही भाग परत मिळू शकतो. एका दुकानातली खरेदी जर्मनीत ५० युरो, इटलीत ७० युरो आणि फ्रान्समध्ये १०० युरोंच्या वर गेली तर परदेशी पर्यटकाला व्हॅट परताव्याचा अर्ज करता येतो. अर्जावर शिक्का युरोपीय संघातून शेवटचं बाहेर पडताना घ्यायचा असतो. पॅरिसला घेतलेल्या पर्सचा शिक्का रोम विमानतळावर मिळतो, पण ती वस्तू दाखवावी लागू शकते. त्यामुळे बॅग चेक-इनला देण्याआधी हे काम उरकावं. स्वित्झर्लंड संघाचा सदस्य नाही, तिथल्या खरेदीचा शिक्का तो देश सोडतानाच घ्यावा लागतो. लंडनला मात्र ही सोय नाही, ब्रिटनने ती १ जानेवारी २०२१ पासून बंद केली.

पैसे भरण्याआधी काय विचारावं?

पाच प्रश्न पुरेसे आहेत आणि त्यांची उत्तरं लेखी घ्यावीत.

१. प्रत्येक शहरात बसबाहेर किती तास मिळणार?
२. कोणत्या ठिकाणी आत प्रवेश आहे आणि कुठे फक्त बाहेरून दर्शन?
३. दुकानांचे थांबे किती आणि ते ऐच्छिक आहेत का?
४. हॉटेल शहरात आहे की शहराबाहेर ३०-४० किलोमीटरवर?
५. व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळणार?

लेखी का? कारण कार्यक्रमपत्रिकेत कबूल केलेलं प्रत्यक्षात दिलं नाही, तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय मुंबई-पुण्यात असलं तरी नांदेडच्या ग्राहकाला नांदेडमध्ये आणि लातूरच्या ग्राहकाला लातूरमध्ये दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जातं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

मग वाटायचं काय?

काही जण यावर सोपा उपाय करतात. वाटायची चॉकलेटं परतीच्या विमानतळावर एकदाच घेतात आणि मोकळ्या तासात शहर पाहतात. काही जण मॅग्नेटऐवजी ज्या शहरात गेलो तिथून घरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकतात. ते त्या शहराच्या शिक्क्यासह येतं. ट्रामचं तिकीट, संग्रहालयाचं प्रवेशपत्र, हॉटेलने दिलेला शहराचा नकाशा यांना पैसे पडत नाहीत आणि ते त्या जागेचेच असतात.

जाताना न्यायलाही आपल्याकडे पुष्कळ आहे. लातूर जिल्ह्यातली पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेलाही ते मिळालं आहे. शेजारच्या बिदरचं बिदरी काम तर ज्या मातीने काळं केलं जातं, ती तिथल्या किल्ल्यातली असते. परदेशात राहणाऱ्या लेकीकडे किंवा मुलाकडे जाणाऱ्यांनी बिदरीची एखादी डबी नेली, तर ती कुठली आहे हे सांगताना अडखळावं लागणार नाही.

'काय आणलं?' हा प्रश्न पुढेही विचारला जाईल. त्यासाठी सहलीतला किती वेळ द्यायचा, हे मात्र बुकिंग करतानाच ठरवता येतं. व्हेनिसच्या कालव्याकाठी मिळालेला एक तास दुकानात गेला तर तो दुसऱ्यांदा मिळण्याची शक्यता कमी असते. चॉकलेट नांदेडच्या वजिराबादमध्येही मिळतं.